एम.ए.च्या दूरस्थ प्रवेशाचा माझा अनुभव

मी २००५ साली बी.ए. झाले आणि एम.ए.च्या पहिल्या वर्षाला माझे नाव नोंदले गेले ते २०२५ साली. मधली वीस वर्षे संसारात, कापूस आणि मक्याच्या शेतीत, दोन मुलांच्या शाळेत आणि अलीकडची नऊ वर्षे गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कामात गेली. आमचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी आहे. वाचनालय ‘ड’ वर्गाचे, एका खोलीचे. पुस्तकांची नोंद ठेवणे, वर्तमानपत्रे लावणे, सायंकाळी दोन तास देवघेव करणे आणि वर्षातून एकदा अनुदानासाठी अहवाल तयार करणे, एवढे सगळे मी एकटीच पाहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. १९५२ नंतर दुसऱ्यांदा ते आमच्या तालुक्याच्या गावी आले होते. वाचनालयासाठी पुस्तके घ्यायची म्हणून मी तीनही दिवस जात होते, आणि ग्रंथप्रदर्शनातल्या एकेका गाळ्यापुढे उभी असताना मला एक गोष्ट स्पष्टपणे जाणवली : मी पुष्कळ वाचले आहे, पण क्रमाने काहीच शिकलेले नाही. मराठी भाषेचा इतिहास, समीक्षेच्या पद्धती, बोलींचा अभ्यास या गोष्टी मला केवळ पुस्तकांच्या पाठीवरच्या शीर्षकांपुरत्या ठाऊक होत्या. घरी रोज अहिराणी बोलणाऱ्या बाईला आपल्या बोलीचे व्याकरण कसे मांडतात हे माहीत नसावे, याची मला मनापासून खंत वाटली. रोज जळगावला किंवा धुळ्याला जाऊन महाविद्यालयात बसणे शक्य नव्हते, म्हणून एम.ए. करायचे तर ते दूरस्थ पद्धतीनेच, हे त्याच आठवड्यात ठरले.

ठरले, पण ते वर्ष वाया गेले. त्याचे कारण सांगितले पाहिजे, कारण माझ्यासारख्या अनेक जणी तिथेच अडतात. प्रवेश सुरू झाल्याचे कळल्यावर मी तालुक्याच्या एका ऑनलाईन कामे करून देणाऱ्या दुकानात गेले. तिथे बसलेल्या गृहस्थांनी माझे कागद न पाहताच सांगितले की एम.ए. आपल्याकडेच होते, पुस्तके वाचण्याची गरज नाही, स्वाध्याय लिहून मिळतात, तुम्ही फक्त पैसे आणि आधार कार्ड द्या. मी विद्यापीठाचे नाव विचारले तर त्यांनी परराज्यातल्या एका विद्यापीठाचे नाव घेतले आणि पदवी दोन वर्षांऐवजी एकाच वर्षात मिळेल असेही सांगितले. मी कागद उचलून घरी आले. मात्र त्यानंतर स्वतः शोध घेऊन अर्जाला बसेपर्यंत मुदतीचे दोनच दिवस उरले होते, आणि त्या दोन दिवसांत माझ्या कागदांवरची दोन वेगवेगळी नावे जुळवणे अशक्य होते.

वर्ष गेले, पण मधल्या काळात मला सगळे नीट वाचायला सवड मिळाली. दूरस्थ शिक्षणाबद्दल आमच्या भागात पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : ही पदवी खरी धरतात का? माझ्या सासरच्या नात्यातल्या एका शिक्षकांनीसुद्धा तो विचारला. त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरस्थ शिक्षणविषयक विनियमांनुसार, मान्यता असलेल्या संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाईन पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर केले. यातला महत्त्वाचा शब्द ‘मान्यता’ हा आहे. ती नुसती विद्यापीठाला असून भागत नाही. त्या विद्यापीठाच्या त्या शिक्षणक्रमाला, त्या वर्षासाठी आणि दूरस्थ पद्धतीसाठी असावी लागते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर वर्षनिहाय यादी असते. ती उघडून आपल्या शिक्षणक्रमाचे नाव डोळ्यांनी पाहायला दहा मिनिटे लागतात, आणि माझ्या मते प्रवेशाच्या साऱ्या खटाटोपात याहून मोलाची दहा मिनिटे नाहीत. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी एका वर्षात देतो असे कोणी म्हणाले, तर तिथे यादीसुद्धा पाहण्याची गरज नाही. वाचनालयात येणाऱ्या एका मुलीला दूरस्थ पद्धतीने नर्सिंगची पदवी करायची होती. तिला मला सांगावे लागले की नर्सिंग, वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी, कृषी अशा शाखा या पद्धतीत चालतच नाहीत, तेव्हा कोणी प्रवेश देतो म्हणाले तरी पैसे भरू नये.

माझ्यापुढे दोन विद्यापीठे होती. माझ्या नणंदबाईंनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, म्हणजे इग्नूतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाची पद्धत त्यांनी मला व्यवस्थित समजावून सांगितली : वर्षातून जुलै आणि जानेवारी असे दोन वेळा प्रवेश, स्वाध्यायांना तीस टक्के आणि सत्रांत परीक्षेला सत्तर टक्के भार, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, आणि दोन वर्षांची पदवी पूर्ण करण्यासाठी चार वर्षांपर्यंतची सवलत. ही सवलत संसारी माणसाला फार मोठी आहे, हे त्यांच्या अनुभवावरून मला कळले. त्यांचे एक वर्ष माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात गेले होते आणि तरीही त्यांची पदवी बुडाली नाही.

दुसरे विद्यापीठ नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याची स्थापना १९८९ ची, राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आमच्याकडच्या कित्येक घरांत भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर वाचायला मिळते, कारण गावातले निम्मे पदवीधर तिथूनच झालेले आहेत. मला मराठी साहित्यातच एम.ए. करायचे होते, माहितीपुस्तिका, पाठ्यपुस्तके आणि संपर्कसत्रे (म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याचे वर्ग) मराठीतून असणे माझ्यासाठी निर्णायक होते. म्हणून मी नाशिकची निवड केली. ज्यांना हिंदीची किंवा इंग्रजीची सवय आहे आणि नोकरीमुळे राज्याबाहेर जावे लागते, त्यांना मी आजही इग्नूचाच विचार करायला सांगेन.

यानंतर नावाचा प्रश्न. माझे माहेरचे आडनाव पाटील आणि सासरचेही पाटील, त्यामुळे आपल्याला नावाची अडचण येणार नाही अशी माझी समजूत होती. दहावीपासून बी.ए.पर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे नाव आहे. आधार कार्डावर माझे नाव, पतीचे नाव आणि शेवटी आडनाव. माणसाला ते एकाच बाईचे नाव वाटेल, पण संगणकाला आणि कागद तपासणाऱ्याला मधले नाव बदलले की ती दुसरी व्यक्ती असते. जन्मतारखेची मात्र चिंता नव्हती. आमच्या पिढीतल्या असंख्य मुलांप्रमाणे माझीही जन्मतारीख पहिलीत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली होती, आणि तीच सर्वत्र कायम राहिली.

मधले नाव बदलल्याचा सरळ पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि तो आमच्याकडे नव्हता. लग्न मे २००६ मध्ये झाले. त्या वेळी नोंदणी करावी हे दोन्ही घरांतल्या कोणाच्या मनात आले नाही, आणि पुढे रेशन कार्डात नाव चढले तेव्हा सगळ्यांना वाटले की झाले सगळे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. त्यानुसार लग्नानंतर नव्वद दिवसांत नोंदणी करायची असते आणि उशीर झाल्यास जादा शुल्क भरून ती करता येते. खेड्यात हे काम ग्रामसेवकांकडे, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, त्यांच्याकडे असते. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी साहजिकच विचारले, “ताई, एकोणीस वर्षं झाली लग्नाला, आता नोंदणी कशासाठी?” मी म्हटले, “भाऊसाहेब, एम.ए.च्या अर्जाला लागते.” त्यांनी खुर्ची पुढे केली, नमुना ‘ड’चा कोरा अर्ज काढून दिला आणि त्यात काय काय भरायचे ते पेन्सिलीने खुणा करून दाखवले. त्यांच्या त्या खुणांमुळे माझी एक फेरी वाचली.

त्या अर्जावर पती-पत्नीबरोबर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताच्या सह्या लागतात. शिवाय दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि लग्नपत्रिका. एकोणीस वर्षांपूर्वीची पत्रिका कोण जपून ठेवतो, असे मला वाटले होते. ती माहेरी, आईच्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या बी.ए.च्या फोटोखाली सापडली. तिच्यावर ‘चि. सौ. कां.’ पुढे माझे वडिलांसह पूर्ण नाव आणि ‘चि.’ पुढे यांचे पूर्ण नाव स्वच्छ छापलेले होते. मला हव्या असलेल्या दोन्ही नावांचा दुवा त्या पिवळ्या कागदावर होता. साक्षीदार म्हणून माझे चुलतसासरे, यांचे एक मित्र आणि माझा मामेभाऊ असे तिघे लग्नात प्रत्यक्ष हजर असलेले मिळाले. लग्न लावणारे भटजी आता थकले आहेत आणि पारोळ्याला मुलाकडे असतात. आम्ही दोघे मोटारसायकलवर त्यांच्याकडे गेलो. त्यांना आमचे लग्न आठवत नव्हते, पण मांडवात वावटळ शिरून अंतरपाट उडाल्याची गोष्ट सांगितल्यावर त्यांना लगेच आठवले, आणि त्यांनी सही करताना माझ्या अभ्यासाची आपुलकीने चौकशी केली. पंधरा दिवसांनी नमुना ‘ई’मधला दाखला हातात आला. माहेरचे नाव आणि सासरचे नाव सरकारी शिक्क्यासह एका कागदावर मी आयुष्यात प्रथमच पाहत होते.

दुसरी अडचण आधारला जोडलेल्या मोबाईल क्रमांकाची होती. जो क्रमांक जोडलेला होता ते सिम बंद होऊन सहा वर्षे झाली होती, आणि ओटीपी आल्याशिवाय पुढचे एकही काम होत नाही. त्या वेळी नवा क्रमांक जोडण्यासाठी आधार केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागत होते. मी गेले तेव्हा त्याचे शुल्क पन्नास रुपये होते. कापूस वेचून आणि निंदणी करून माझ्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे ठसे चार वेळा घेऊनही उमटले नाहीत. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटली. शेतात काम करणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवावे आणि केंद्रचालकाला बुबुळांचे यंत्र लावण्याची विनंती पहिल्यांदाच करावी. काही दिवसांत नवा क्रमांक जोडला गेल्याचा संदेश आला.

हे दोन्ही उरकून ठेवले होते म्हणून जुलै २०२५ मध्ये मी अर्जाला निर्धास्तपणे बसू शकले. अर्जापूर्वी दोन ओळख क्रमांक काढावे लागतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिला एबीसी आयडी, ज्याला आता अपार आयडी असेही म्हणतात. २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीतला हा आपला बारा अंकी खाते क्रमांक. आपण मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, त्यात जमा होतात आणि पुढे विद्यापीठ बदलले तरी ते हाती राहतात. डिजिलॉकरमध्ये, म्हणजे कागदपत्रे ठेवण्याच्या सरकारी ऑनलाईन सेवेत, आधारच्या ओटीपीने तो काही मिनिटांत निघतो. दुसरा डीईबी आयडी. मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाईन शिक्षणक्रमात प्रवेश घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना तो आता सक्तीचा आहे, तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो, आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी असावा लागतो. एकदा काढला की तो कायमचा. यात आपले नाव एबीसीमधून, म्हणजे पर्यायाने आधारमधून येते, हे मी मुद्दाम सांगते, कारण आधारमध्ये एका अक्षराचीही चूक असेल तर ती इथवर चालत येते आणि तिथे दुरुस्त करता येत नाही. मुळाशी जाऊन आधारच दुरुस्त करावे लागते.

माझी मुलगी बारावीत आहे. तिने मदतीची तयारी दाखवली होती, पण मी तिला शेजारी बसवून सगळे स्वतः केले. त्यासाठी मी माझा स्वतंत्र ई-मेल पत्ता काढला. दुकानातून अर्ज भरणाऱ्यांच्या बाबतीत मी वारंवार पाहिले आहे की मोबाईल क्रमांक आणि ई-मेल दुकानदाराचाच टाकलेला असतो. मग परीक्षेचे वेळापत्रक, शुल्काची सूचना आणि परवलीचा शब्द सगळे त्याच्याकडे जाते, आणि दोन वर्षांनी दुकान बंद झाले तर विद्यार्थी स्वतःच्याच नोंदीपासून तुटतो. अर्ज दुकानात भरायला हरकत नाही, परंतु क्रमांक आणि पत्ता आपलाच द्यावा आणि परवलीचा शब्द आपल्या वहीत लिहून आणावा.

अर्ज भरण्यापूर्वी मी माहितीपुस्तिका छापून घेतली आणि तीन रात्री वाचली. माहितीपुस्तिकेची स्वतःची भाषा असते आणि ती आधी समजून घ्यावी लागते. इथे ‘शिक्षणक्रम’ म्हणजे संपूर्ण एम.ए. आणि ‘अभ्यासक्रम’ म्हणजे त्यातला एकेक विषय. आपण बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच चूक होते. ‘अभ्यासकेंद्र’ म्हणजे ज्या महाविद्यालयात संपर्कसत्रे होतात ते ठिकाण, आणि तिथे शिकवणाऱ्या प्राध्यापकांना ‘संमंत्रक’ म्हणतात. श्रेयांकाचा हिशेब मला सर्वात उपयोगी पडला. दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे सुमारे तीस तासांचा अभ्यास धरतात, त्यात वाचन, स्वाध्याय आणि संपर्कसत्र सगळे आले. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमाला एकशेवीस तास. मी माझ्या दिवसाचे तास मोजून पाहिले : पहाटे पाच ते साडेसहा हा वेळ माझा स्वतःचा होऊ शकत होता, आणि वाचनालयात वाचक कमी असतील तेव्हा आणखी तासभर. कापूस वेचणीचे दोन महिने वगळून हा हिशेब बसतो याची खात्री झाल्यावरच मी अर्ज उघडला. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब कागदावर मांडावा असे मला कळकळीने वाटते, कारण आमच्याकडे प्रवेश पुष्कळ होतात आणि पुस्तके कोरी राहतात.

प्रत्यक्ष अर्ज भरायला दीड तास लागला. पदवीच्या रकान्यात विद्यापीठाचे नाव निवडताना मी क्षणभर थांबले. माझ्या प्रमाणपत्रावर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव’ असे आहे, आणि २०१८ पासून त्या विद्यापीठाचे नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे झाले आहे. विद्यापीठ एकच असल्यामुळे नवे नाव निवडणे बरोबर ठरले. माझ्या थोरल्या भावाची पदवी तर त्याही आधीची, पुणे विद्यापीठाची आहे, कारण १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ होईपर्यंत खानदेशातली महाविद्यालये पुण्याला जोडलेली होती. त्याच्या वयाच्या लोकांनी अर्ज भरताना पुणे हेच निवडायचे, आपले महाविद्यालय आज कुठे जोडलेले आहे ते पाहायचे नाही. नावात बदल असल्याचा पुरावा म्हणून मी नमुना ‘ई’चा दाखला जोडला. फोटो आणि सही ठरलेल्या आकारात बसवण्याचे काम मुलीने मोबाईलवर केले.

अभ्यासकेंद्र निवडण्यासाठी मात्र पूर्ण एक संध्याकाळ द्यावी लागली. घराजवळच्या केंद्रावर मला हवा असलेला शिक्षणक्रम नव्हता. धुळे आणि जळगाव यांपैकी एक निवडायचे होते. धुळे अंतराने जवळ, पण आमच्या गावाहून सकाळी निघणारी एस.टी. रविवारी नसते. जळगावसाठी अमळनेरहून सुरत-भुसावळ मार्गावरची रेल्वे आहे, आणि एस.टी.ने जायचे ठरले तरी मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे खर्च झेपणारा आहे. संपर्कसत्रे आणि परीक्षा या दोन्हींसाठी जाणे-येणे याच केंद्राशी बांधलेले असणार, म्हणून मी जळगाव निवडले. केंद्र निवडताना महाविद्यालयाचे नाव किती मोठे आहे याहून तिथे पहाटे निघून वेळेत पोहोचता येते का, हे पाहावे.

शुल्क भरताना एक धक्का बसला. यूपीआयने रक्कम भरली, माझ्या बँक खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला, आणि त्याच वेळी गावातली वीज जाऊन मोबाईलचे जाळेही गेले. तासाभराने पाहिले तर अर्जावर शुल्क भरल्याची नोंद नव्हती. मुदत संपायला चार दिवस होते. घरात सगळ्यांचे म्हणणे पडले की लगेच दुसऱ्यांदा भरून टाकावे. मी थांबले, कारण व्यवहार क्रमांक माझ्याकडे होता आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असा अर्धवट राहिलेला यूपीआय व्यवहार बँकेने पाच दिवसांच्या आत आपोआप परत करायचा असतो, उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईसह. तरीही पाच दिवस थांबले असते तर मुदत गेली असती. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाट पाहायची आणि मग पुन्हा भरायचे असे ठरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे खात्यात परत आले, आणि त्या वेळी मी अमळनेरला, जाळे चांगले असलेल्या ठिकाणी बसून शुल्क भरले आणि पावतीच्या दोन प्रती तिथेच छापून घेतल्या. अखेरच्या दिवशी हेच घडले असते तर माझे दुसरे वर्षही गेले असते.

अर्जाची प्रत आणि मूळ कागद घेऊन मी जळगावच्या अभ्यासकेंद्रात गेले. तिथल्या लेखनिक बाईंनी पदवी आणि आधार शेजारी ठेवले, त्यांचे बोट मधल्या नावावर थांबले, आणि मी काही बोलण्याआधीच त्यांनी फाईलमधला विवाह नोंदणीचा दाखला पाहून मान हलवली. सहा महिने ज्यासाठी धावपळ केली ते काम एका नजरेत झाले. त्यांनी सांगितले की विवाहित विद्यार्थिनींचे सर्वाधिक अर्ज याच कारणाने मागे ठेवावे लागतात, आणि बहुतेकींना ते मुदत संपल्यावर कळते.

ऑगस्टच्या अखेरीस कायम नोंदणी क्रमांक आला, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात. सोळा अंकांच्या त्या क्रमांकाची सुरुवात प्रवेशाच्या वर्षाने होते. मी तो संदेश घरात मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या, त्या म्हणाल्या, “शिक वं माय, आम्हना टाईमले अंगठाच व्हता.” मी तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, त्याखाली एबीसी आयडी आणि डीईबी आयडी लिहिला, आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची नोंद दिनदर्शिकेत जून महिन्यावर करून ठेवली, कारण दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा अर्ज आणि शुल्क भरावे लागते आणि पहिले वर्ष उत्तीर्ण होऊनही केवळ ही नोंदणी राहून गेल्यामुळे घरी बसलेली माणसे माझ्या पाहण्यात आहेत.

आता वाचनालयातल्या फळ्यावर मी कागदांची यादी लावली आहे, आणि ती वाचून दोघे-तिघे विचारायला येतात. जळगावला नियमित एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलाला इतिहासाचे एम.ए. दूरस्थ पद्धतीने करायचे आहे. एक पदवी नियमित आणि दुसरी दूरस्थ अशा दोन्ही एकाच वेळी करण्याची मुभा आयोगाने एप्रिल २०२२ पासून दिलेली आहे, हे त्याला माहीतच नव्हते. आणि आमच्याच गल्लीतली, अंगणवाडीत काम करणारी एक सून आहे. तिची बी.ए.ची गुणपत्रिका माहेरच्या आडनावाची आहे, लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत आणि नोंदणी नाही. तिची पत्रिका चोपड्याला तिच्या काकांकडे सापडली आहे. भटजी गावातलेच आहेत, साक्षीदार दोन मिळाले आहेत, तिसऱ्या म्हणून मी सही करणार आहे, कारण त्या लग्नाला मी हजर होते. सोमवारी आम्ही दोघी ग्रामपंचायतीत जाणार आहोत.